सातव्या दिवसाआधीची वही

२२ आणि २३ नोव्हेंबर १९७६ यांच्या मधल्या रात्री इजिप्तमध्ये जनगणना झाली आणि देशात सुमारे तीन कोटी सहासष्ट लाख माणसे आहेत असे ठरले. त्या आकड्यात कफ्र अबू-सनाबिल या नाईलच्या फाट्यांमधल्या गावातली चार दिवसांची एक मुलगी नाही. ती त्या रात्री जिवंत होती. गणतीला आलेल्या शाळामास्तरांनी दारात उभे राहून घरात किती माणसे असे विचारले, तेव्हा मुलीच्या आजीने बोटे मोजली आणि सहा सांगितले. सातवे बोट तिने दुमडलेलेच ठेवले. ज्या लेकराचा सुबूअ झालेला नाही, सातव्या दिवशी ज्याला चाळणीत निजवून हलवलेले नाही, तीन नावांच्या तीन मेणबत्त्या लावून सर्वांत शेवटी विझणाऱ्या मेणबत्तीचे नाव ज्याला दिलेले नाही, ते अजून पुरते आलेलेच नसते. जे पुरते आलेले नाही त्याचा आकडा परक्याला सांगणे म्हणजे वाईट नजरेला आवतण देणे. मास्तरही त्याच गावचे होते. त्यांनी सहा लिहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली. आजोबांनी तिला कापडात गुंडाळून नेले आणि चहाच्या वेळेपर्यंत ते परतही आले. सातव्या दिवसाआधी गेलेल्या मुलासाठी कफ्रमध्ये गळा काढून रडत नाहीत. बाळंतिणीसाठी तूप घालून उकळलेला मुघात उरला होता, तो आलेल्या बायकांनी पिऊन टाकला. मेणबत्त्या आजीने कोनाड्यात ठेवल्या, पुढच्या वेळेला उपयोगी पडतील म्हणून.

मुलीची आई इन्शिराह तेव्हा बावीस वर्षांची होती आणि गावच्या आरोग्य केंद्रात जन्ममृत्यूच्या नोंदी करणारी कारकून होती. अक्षर सुरेख, बेरीज अचूक. खाडाखोड केलेले पान तिच्या वहीत सापडत नसे. चाळिसावा दिवस उलटल्यावर ती कामावर गेली. पहिल्याच दिवशी तिने जन्माची सरकारी नोंदवही उघडून आपल्या मुलीसाठी एक ओळ सुरू केली आणि पहिल्याच रकान्यापाशी तिची लेखणी थांबली. पहिला रकाना नावाचा होता.

हा नियम तिने स्वतः दोन वर्षे डोळे मिटून पाळला होता. जन्माच्या नोंदीला नाव हवे. नाव सुबूअला ठरते, म्हणून बाप आठव्या-दहाव्या दिवशी नोंद करायला येतो. आणि ज्याच्या जन्माची नोंद नाही त्याच्या मृत्यूची नोंद करता येत नाही, कारण कागदावर जो जन्मलाच नाही तो मरेल कसा? यात कोणाचा कट नव्हता. एक रीत होती आणि एक रकाना होता. दोघांच्या फटीतून दर वर्षी काही मुले खाली पडत होती, आणि खाली पाहण्याचे काम कोणाकडे सोपवलेले नव्हते.

इन्शिराहने शाळेच्या मुलांची एक आखीव वही आणली आणि तिच्यात स्वतःच्या हाताने रकाने पाडले: आईचे नाव, मुलगा की मुलगी, किती दिवस जगले, कोणत्या आळीतले. शेवटी एक रकाना उरला. त्यावर तिने लिहिले, बाळंतपण कोणी केले. पहिल्या ओळीत तिने आपले नाव घातले, पुढे मुलगी, पाच दिवस, कालव्याची आळी, आणि शेवटच्या रकान्यात: तफीदा.

गाव जिला आदराने हाग्गा म्हणे ती तफीदा ही इन्शिराहची मावशी. आई वारल्यावर तिनेच इन्शिराहला वाढवले आणि शिकवले. ती गावची दाई होती. भिंतीवर काचेच्या चौकटीत तिचा सरकारी परवाना टांगलेला असे. त्यावर काय लिहिले आहे हे तिला वाचता येत नव्हते, पण शिक्का कोणत्या कोपऱ्यात आहे हे अंधारातही सांगता आले असते. तिला स्वतःचे मूल नव्हते. परवाना आणि इन्शिराह या दोनच गोष्टी तिच्या हक्काच्या होत्या. गावातली दहापैकी नऊ बाळंतपणे तिच्या हातची. जीभ मात्र कात्रीसारखी. पहिलटकरीण ओरडू लागली की म्हणायची, “ओरड, ओरड. नऊ महिन्यांपूर्वी एवढी ओरडली असतीस तर आज मला झोप मिळाली असती.”

त्या वहीत १९७७ साली सोळा ओळी भरल्या, अठ्ठ्याहत्तर साली पंधरा, एकोणऐंशी साली चौदा. माहिती मिळवायला फारसे कष्ट पडत नसत. बायका केंद्रात लशीला येत, आणि कोणाच्या घरचा मुघात अर्ध्यावर राहिला हे बोलण्याच्या ओघात निघेच. वही इन्शिराहच्या टेबलाच्या खणात असे. तिचा कोणाला उपयोग आहे असे तिला वाटत नव्हते.

एकोणऐंशीच्या अखेरीस डॉक्टर वग्दी आले. शिक्षण संपवल्यावर खेड्यात सक्तीची नोकरी करावी लागते म्हणून आलेले, आणि पहिल्या दिवसापासून परतीचा रस्ता शोधणारे. असा रस्ता एखाद्या अहवालातून निघतो हे त्यांना माहीत होते. त्यांनी आजूबाजूच्या गावांचे आकडे मागवले, आणि त्यांच्या हाती एक घबाड लागले. कफ्रमध्ये त्या वर्षी दोनशे पन्नास जन्म आणि वर्षाच्या आतल्या मुलांचे चौदा मृत्यू. दर हजारी छपन्न. कालव्यापलीकडच्या मीत अबू-रीशमध्ये तेच प्रमाण एकशे नऊ. माती तीच, पाणी तेच, दारिद्र्यही तेच. मग फरक कशाचा? डॉक्टरांनी चार दिवस विचार केला आणि त्यांना उत्तर मिळाले: कफ्रमध्ये तफीदा होती.

अहवाल जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीला पसंत पडला. एक छोटा समारंभ झाला. तफीदाचे नाव मोठ्याने पुकारले गेले, टाळ्या झाल्या, आणि कात्री, चिमटे, दोरा असलेली अॅल्युमिनियमची पेटी तिला देण्यात आली. ती पेटी घेऊन ती घरी न जाता गावातून लांबचा वळसा घालून गेली.

सगळे खूश असताना इन्शिराहला मात्र त्या दोन आकड्यांनी चैन पडू दिले नाही. तिला आपल्या मावशीचा अभिमान होता, पण मावशीच्या हाताला पाणी कमी लागते आणि साबण त्याहून कमी, हेही तिने पाहिले होते. एका सुट्टीच्या दिवशी ती कालवा ओलांडून मीत अबू-रीशला गेली. तिथल्या नोंदी उस्ता, म्हणजे उस्ताद, बायूमी ठेवत असे. हा जुन्या काळचा सरकारी आरोग्य-न्हावी, दाढी करणारा, सुंता करणारा आणि मेलेल्यांचे दाखले लिहिणारा. त्याने खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा न उचलता तिच्याकडे पाहिले.

“या, या. कफ्रची पोरं अमर झाली म्हणे. आमची आपली मरतात बाई, काय करणार.”

इन्शिराहने त्याला नोंदवही दाखवायची विनंती केली. तिने पाने उलटली आणि तिला जे हवे होते ते लगेच सापडले. नावाच्या रकान्यात जागोजाग ‘अमक्याचा मुलगा’, ‘तमक्याची मुलगी’ असे लिहिले होते, आणि त्याच दिवसाच्या आसपास तीच ओळ मृत्यूच्या वहीत. एक दिवस, तीन दिवस, सहा दिवस.

“नाव नसताना नोंद करता येत नाही, उस्ता. नियम आहे.”

“असेल,” बायूमी म्हणाला. “मला वाचायला येतं ते न्हाव्यापुरतं. नियमाच्या पानापर्यंत कधी पोचलोच नाही. मी पुरायला गेलो की घरी येऊन लिहितो. तुम्ही लोक शिकलेले, तुम्ही नुसतेच पुरता.”

गिऱ्हाईक हसले आणि त्याला वस्तरा लागला. इन्शिराह हसली नाही. परतताना तिने मनात हिशेब केला: आपल्या वहीतल्या चौदा ओळी सरकारी चौदांत मिळवल्या तर एकोणऐंशी साली कफ्रमध्ये अठ्ठावीस मुले गेली होती, आणि दर हजारी प्रमाण छपन्न नव्हे, एकशे सहा होते. मीत अबू-रीशपेक्षा केसभर कमी. तफीदा न्हाव्याच्या गावातल्या दायांहून चांगली नव्हती, वाईटही नव्हती. अहवालात मोजला गेला होता तो दाईचा हात नव्हता. दोन कारकुनांच्या सवयींतला फरक होता.

तिने डॉक्टरांना हे सांगितले, पण अर्धेच. काही मुले सुबूअआधी जातात आणि नोंदीत येत नाहीत, एवढेच ती बोलली. खासगी वही ठेवणे हा नोकरीतला गुन्हा ठरेल या भीतीने तिने वहीचे नाव काढले नाही. डॉक्टर त्या दिवशी आनंदात होते.

“किती असतील अशी? दोन-चार?” त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे म्हणाले, “लिही. बिननावाची लिही. आपला आकडा पक्का झाला तर बिघडलं कुठे?”

त्यांनी तसा लेखी हुकूम काढला. १९८० च्या पहिल्या दिवसापासूनचे कफ्रमधले प्रत्येक मूल इन्शिराहने लिहिले, नावाचे आणि बिननावाचे. वर्षअखेरीस दोनशे बासष्ट जन्म भरले आणि सत्तावीस मृत्यू. दर हजारी एकशे तीन.

जिल्ह्याच्या कचेरीतून चार ओळींचे पत्र आले. ज्या गावाच्या आदर्श दाईचा गेल्या वर्षी सत्कार झाला, त्या गावात एका वर्षात बालमृत्यू छपन्नवरून एकशे तीनवर कसे गेले, याचा खुलासा करावा.

डॉक्टर वग्दींपुढे दोन खुलासे होते. गेल्या वर्षीचा आकडा खोटा होता, हा एक. पण त्या आकड्याखाली त्यांची सही होती. दुसरा खुलासा असा की पेटी मिळाल्यावर दाई शेफारली, हातघाई करू लागली, आणि मुले मरू लागली. या खुलाशाखाली कोणाचीच सही लागत नव्हती. त्यांनी तफीदाचा परवाना रद्द करण्याची शिफारस केली आणि चौकशी समिती मागवली.

इन्शिराह त्यांच्यापुढे उभी राहिली. गेल्या वर्षी अठ्ठावीस गेली होती, यंदा सत्तावीस. एक मूल कमीच मेले आहे, वाढले आहे ते फक्त लिहिणे, हे तिने शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांना ते कळले नाही असे म्हणता येत नाही.

“गेल्या वर्षीची ती चौदा कुठे लिहिलीस?” त्यांनी विचारले.

“माझ्याकडे.”

“तुझ्याकडे म्हणजे सरकारकडे नाहीत,” ते म्हणाले. “समितीपुढे आण मग. मी कशाला अडवू?”

घरी येऊन तिने मावशीला धीर दिला. आपल्याकडे एक वही आहे, त्या वहीनेच परवाना वाचेल, असे तिने शपथेवर सांगितले. तफीदाने कसली वही हे विचारले नाही. इन्शिराहला तिने शिकवले होते ते अशाच एखाद्या दिवसासाठी, असे तिचे मत होते. तिने पेटी घासूनपुसून लख्ख केली आणि चौकशीच्या दिवशी ती मांडीवर घेऊन समितीसमोर बसली. भिंतीवरचा परवाना चौकटीसकट पदराखाली धरलेला होता.

समितीत तिघे जण होते. बोलत होते एकटे अध्यक्ष. इन्शिराहने वही पुढे ठेवली आणि वर्षांच्या बेरजा मांडू लागली. अध्यक्षांनी पाने चाळली. रेघा सरळ होत्या, अक्षर स्वच्छ होते, एकही खाडाखोड नव्हती. बेरजांपाशी ते थांबले नाहीत. त्यांचे बोट उजवीकडे सरकत सरकत शेवटच्या रकान्यावर जाऊन टेकले.

“हे उत्तम आहे,” ते म्हणाले. “फक्त हा रकाना वाचा. वरून खाली.”

“साहेब, तो रकाना नव्हे, सालांच्या बेरजा बघा. शहात्तरपासून—”

“वाचा.”

तिने वाचायला सुरुवात केली. तफीदा. तफीदा. तफीदा. अध्यक्ष कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारत होते. चार झाल्या की पाचवी आडवी. खुर्चीत बसलेल्या तफीदाने आपले नाव ऐकून मान डोलावली. मागच्या वेळी असेच नाव पुकारले होते आणि पेटी मिळाली होती. दुसऱ्यांदा नाव आले, तिने पुन्हा मान डोलावली, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. सातव्या की आठव्या नावाला ती थोडी लाजलीसुद्धा आणि तिने डोक्यावरचे वस्त्र सारखे केले. मध्ये एकदा दुसऱ्या कोणाचे नाव आले तेव्हा तिने कपाळाला आठी घातली, जणू आपल्या मानातला वाटा कोणी पळवला. इन्शिराहचा आवाज खाली खाली जात होता आणि अध्यक्ष दर वेळी “मोठ्याने” म्हणत होते. शेहेचाळीस ओळी होत्या. तफीदाचे नाव बेचाळीस वेळा आले. ती एकोणीस-वीस वेळा तरी मान डोलवून चुकली होती, तेव्हा तिने शेजारी बसलेल्या डॉक्टरांना हळूच विचारले, “हे कशाचं वाचतेय ही?”

“मेलेल्या मुलांचं,” डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर मान हलली नाही. उरलेली नावे तिने पेटीच्या झाकणाकडे पाहत ऐकली.

अध्यक्षांनी रेघा मोजल्या. शेहेचाळीसपैकी बेचाळीस. हा आकडा त्यांनी टाचणाच्या डोक्यावर लिहून त्याला चौकट केली. इन्शिराहने पुन्हा तोंड उघडले. गावातली दहापैकी नऊ बाळंतपणे मावशीच करते, म्हणून गावातल्या दहापैकी नऊ मृत्यूंपुढे तिचे नाव येणारच. ती कशीही असती, देवदूत असती तरी आले असते. शेहेचाळीसातली बेचाळीस म्हणजे दहातले नऊच. जन्मांचा आकडा खाली धरल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. ती हे सर्व बोलली, आणि चांगले बोलली.

“दहापैकी नऊ हे कुठे लिहिलंय?” अध्यक्षांनी विचारले.

जन्माच्या सरकारी वहीत बाळंतपण कोणी केले याचा रकाना नव्हता. इन्शिराहच्या वहीत तो होता, पण ती वही फक्त मेलेल्यांची होती.

“सगळ्यांना माहीत आहे,” ती म्हणाली.

“सगळ्यांना माहीत असणं हा पुरावा नसतो. तुमच्यासारख्या मुलीला हे मी सांगायला नको.”

तेव्हा तफीदा बोलली. तिला आकडे येत नव्हते, शंभरच्या पुढे तर नाहीच. “मेलेली वाचलीत,” ती म्हणाली. “आता जगलेली कोण वाचणार?”

“जगलेल्यांची वही आहे का?” अध्यक्षांनी इन्शिराहकडे पाहून विचारले. त्यांच्या स्वरात तिरकसपणा नव्हता. वही असती तर त्यांनी ती बहुधा वाचलीही असती.

“बाहेर जा की,” तफीदा म्हणाली. “दारातला तो शिपाई माझ्या हातचा आहे. पायाळू आला होता, दीड प्रहर लागला. त्याला विचारा.”

दारातला शिपाई जमिनीकडे पाहू लागला. त्याची नोकरी हंगामी होती.

तफीदाने पेटी टेबलावर ठेवली. परवाना ठेवायला सांगितल्यावर तोही ठेवला. चौकट आपली आहे, बाजारातून घेतलेली आहे, एवढी तेवढी परत द्या, असे ती म्हणाली. कागद काढून घेऊन चौकट तिला देण्यात आली. इन्शिराहची वही पुरावा म्हणून प्रकरणाला जोडून घेतली गेली, आणि ती ठेवल्याबद्दल तिला समज देण्यात आली.

बाहेर अंगणात मावशीने भाचीचा हात झटकला नाही. तिने फक्त एक प्रश्न विचारला.

“पहिली ओळसुद्धा तूच लिहिलीस?”

“हो, मावशी.”

“तिसऱ्या दिवशी तुझी पोर दूध ओढेना, तेव्हा मी काय म्हटलं होतं? आत्ताच्या आत्ता गाडी करा, शहरात न्या. तुझी सासू म्हणाली, सुबूअआधी लेकराला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. तू पलंगावर पडून ऐकत होतीस. त्याला नव्हता का रकाना?”

तफीदा रिकामी चौकट काखेत धरून निघून गेली. या वेळी ती जवळच्या रस्त्याने गेली.

त्यानंतरचे वर्ष आकड्यांच्या दृष्टीने फार सोपे गेले. तफीदाच्या जागी शहरातली सरकारी सुईण रविवारी आणि बुधवारी येऊ लागली. मुले मात्र आठवड्याच्या सातही दिवशी येत राहिली. ज्यांना रविवार-बुधवार साधला नाही त्यांची बाळंतपणे सासवांनी, जावांनी, शेजारणींनी उरकली. सातव्या दिवसाआधीचा मृत्यू कळवला की बाळंतपण कोणी केले अशी चौकशी होते, हे तफीदाच्या प्रकरणाने गावाला शिकवले होते. त्यामुळे कोणी कळवीनासे झाले. बिननावाची मुले लिहिण्याचा हुकूम कायम होता. लिहायला मुले मिळत नव्हती. लशीला येणाऱ्या बायका इन्शिराहला पाहिले की बोलणे तोडत. “वहीवाली आली,” असे एकदा तिने स्वतःच्या कानांनी ऐकले. दुसरी बाई म्हणाली होती, “मावशीला खाल्लं, आता आपल्याला लिहील.”

१९८१ अखेर सरकारी वहीत दोनशे एकोणपन्नास जन्म आणि तेरा बालमृत्यू होते. दर हजारी बावन्न. डॉक्टर वग्दींनी दुसरा अहवाल लिहिला: अशिक्षित दाईला दूर केल्यावर एका वर्षात बालमृत्यू निम्म्यावर. या अहवालाला एक आलेख जोडला होता. छपन्नचा बुटका खांब, एकशे तीनचा उंच खांब, बावन्नचा पुन्हा बुटका. तिन्ही खांब एकाच जाडीचे, कडा कापल्यासारख्या सरळ. केंद्रात तेवढे स्वच्छ काम करणारा एकच हात होता, म्हणून तो आलेख इन्शिराहकडून काढवून घेतला गेला होता. खांब रंगवताना तिने काही बोलल्याचे कोणाला आठवत नाही. तीन महिन्यांत डॉक्टरांची शहरात बदली झाली.

त्या बावन्नच्या खांबात एक मूल नाही, हे तिला माहीत होते.

त्याच वर्षी उन्हाळा सरताना इन्शिराहला एका गुरुवारी कळा सुरू झाल्या. सुईण बुधवारी येऊन गेली होती. सासूने शेजारणीला बोलावले, आणि दुपारपर्यंत काही होईना तेव्हा इन्शिराहने नवऱ्याला मावशीकडे धाडले. तफीदा दारात भाजी निवडत बसली होती. तिने त्याला बसायला सांगितले, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले.

“परवाना नाही रे माझ्याकडे,” ती म्हणाली. “तुझ्या बायकोला विचार. तिला सगळं माहीत असतं.”

तो पायांशी वाकला, रडला. तिने भाजी निवडणे थांबवले नाही. निघताना ती एवढेच म्हणाली, “आणि तिला सांग, शेवटचा रकाना कोरा ठेव म्हणावं.”

मुलगा शेजारणीच्या हाताने रात्री झाला आणि रविवारी सकाळी गेला. सरकारी सुईण त्यानंतर तासाभराने गावात पोचली. कोनाड्यातल्या मेणबत्त्या पाच वर्षांत उन्हाने वाकल्या होत्या. त्या सासूने या वेळी फेकून दिल्या.

चाळिसावा उलटल्यावर इन्शिराह कामावर गेली. हुकूम तिच्याच टेबलाच्या काचेखाली होता: बिननावाची लिही. लिहिले असते तर शेजारणीची चौकशी झाली असती. तिला चार मुले होती. नोंदवही उघडी होती. इन्शिराहने त्या दिवशी तीन जन्म नोंदवले, तिन्ही नावांचे, आणि वही मिटली.

तफीदा आणखी सहा वर्षे जगली. लपूनछपून तिला कोणी बोलावले का, बोलावले असेल तर त्या मुलांचे काय झाले, याचा कागद नाही. १९८१ साली कफ्र अबू-सनाबिलमध्ये सातव्या दिवसाआधी किती मुले गेली हे माहीत नाही. एक तरी गेले, एवढेच नक्की. तफीदाच्या हातची मुले इतरांच्या हातच्या मुलांपेक्षा जास्त जगत होती की कमी, हे आता कळण्याजोगे नाही, कारण जगलेल्यांची वही कोणी ठेवली नाही. वहीत सहा रकान्यांची जागा असती तर इन्शिराहने सहावा सासूसाठी ठेवला असता का, आणि पाचवा तिने कशासाठी आखला, नेटकेपणाने की पहिली ओळ लिहिताना मावशीवर मनात धरलेल्या रागाने, हे तिने कधी कोणाला सांगितले नाही. प्रकरणाला जोडलेली ती वही जिल्ह्याच्या कचेरीतून पुढे कुठे गेली, याचीही नोंद सापडत नाही.